एर्जे यांच्या माघारी टिनटिन कोणाचा?

आपण दोन प्रश्न विचारले आहेत. टिनटिन या चित्रकथा-नायकाचे बेल्जियन निर्माते एर्जे यांनी आपल्यानंतर दुसऱ्या कोणी टिनटिन काढू नये असे सांगितले होते. ती इच्छा कायद्याने बंधनकारक आहे का, आणि त्यांच्या वारसांनी वाचकांच्या मंडळांना व अभ्यासकांना न्यायालयात खेचण्याइतके कठोर वागणे योग्य आहे का, हा पहिला प्रश्न. दुसरा आपल्या घरचा आहे. आपल्या वडिलांनी तीस वर्षे दिवाळी अंकांसाठी आणि एका वृत्तपत्रासाठी व्यंगचित्रे व चित्रकथा काढल्या. ते गेल्यावर मूळ चित्रांची एक पेटी घरात राहिली, आणि आता एका प्रकाशकाने त्या चित्रांचे पुस्तक काढण्याची इच्छा दाखवली आहे. आपण, आपली बहीण आणि आई यांनी पुढे कसे जावे, असे आपण विचारता. मी पुण्यात सव्वीस वर्षे कॉपीराइट आणि प्रकाशन-करारांचेच काम करतो आहे. या दोन प्रश्नांचे मूळ एकच आहे असे मला वाटते, म्हणून उत्तरही एकत्र देतो. निर्मात्याच्या नावाने कोणालाही परवानगी देण्याआधी किंवा नाकारण्याआधी वारसाने आपल्या हातात नेमके काय आले आहे ते कागदपत्रांवरून तपासले पाहिजे. एर्जे यांच्या वारसांना जो सर्वांत मोठा धक्का बसला, तो हे काम अपुरे राहिल्यामुळेच बसला.

आधी हकिगत थोडक्यात सांगतो. एर्जे म्हणजे जॉर्ज रेमी. त्यांचा टिनटिन १० जानेवारी १९२९ रोजी ब्रुसेल्समधील एका वृत्तपत्राच्या मुलांच्या पुरवणीत प्रथम अवतरला. ३ मार्च १९८३ रोजी एर्जे वारले, तेव्हा तेवीस पुस्तके पूर्ण झाली होती आणि चोविसावे, ‘टिनटिन आणि आल्फ-आर्ट’, कच्च्या रेखाटनांच्या अवस्थेत मेजावर होते. त्यांना मूल नव्हते. सर्व मालमत्ता त्यांच्या दुसऱ्या पत्नी फॅनी व्लामिंक यांच्याकडे आली. या दोघांचा विवाह १९७७ सालचा. एर्जे यांनी १९५० मध्ये उभारलेल्या स्टुडिओत त्यांचे जुने सहकारी बॉब द मोर होते, ज्यांना एर्जे यांची रेषा हुबेहूब जमत असे आणि ज्यांची अपुरे पुस्तक पूर्ण करण्याची मनापासून इच्छा होती. फॅनीबाईंनी विचार केला आणि नकार दिला. १९८६ साली ती रेखाटने जशी होती तशीच, अपूर्ण, प्रसिद्ध झाली आणि स्टुडिओ बंद करण्यात आला. पुढे १९९३ मध्ये फॅनीबाईंनी निक रॉडवेल यांच्याशी विवाह केला. हे गृहस्थ लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये टिनटिनच्या वस्तूंचे दुकान चालवत. त्यानंतर मूलँसार या कंपनीमार्फत, जिचे नाव अलीकडे बदलून टिनटिनइमाजिनाशियो झाले आहे, हक्कांचा सगळा कारभार चालत आला.

आता इच्छेचा प्रश्न. एर्जे यांनी मुलाखतींमध्ये स्पष्ट सांगितले होते की, टिनटिन म्हणजे आपण स्वतः. दुसरे लोक कदाचित अधिक चांगले काढतील, कदाचित वाईट, पण ते वेगळे काढतील आणि मग तो टिनटिन राहणार नाही. मुलाखतीतले असे बोलणे वारसाला कायद्याने बांधत नाही. बांधायचे असेल तर ते मृत्युपत्रात अट म्हणून यावे लागते, किंवा न्यास स्थापून त्याच्या उद्दिष्टांत लिहावे लागते, किंवा प्रकाशकाशी केलेल्या करारात कलम म्हणून घालावे लागते. एर्जे यांची इच्छा गेली चार दशके पाळली गेली, कारण जिच्या हाती हक्क आला त्या व्यक्तीने ती पाळायचे ठरवले. नवी कथा काढण्याचा अधिकार हा कॉपीराइटचाच एक भाग असतो, त्यामुळे हक्कधारकाने ‘नाही’ म्हटले की इतरांना तो बंद होतो. ‘नाही’ म्हणण्याचे सामर्थ्य कायद्याने दिले, पण ते वापरण्याचा निर्णय फॅनीबाईंचा होता. प्रकाशक मागे लागलेले, हाताशी तयार चित्रकार बसलेला, आणि विक्रीची खात्री असलेले पुस्तक मेजावर असताना हा निर्णय घेणे सोपे नव्हते. या बाबतीत मी त्यांच्याविषयी आदरच बाळगतो.

कठोरपणाविषयी मात्र वेगळे बोलावे लागेल, आणि इथे थोडे थांबून लिहितो, कारण माझ्या कामात पुन्हा पुन्हा आडवा येणारा मुद्दा इथेच आहे.

नेदरलँड्समध्ये एर्जे यांच्या चाहत्यांचे एक छोटे मंडळ आहे. ते सभासदांसाठी वार्तापत्र काढते आणि त्यात टिनटिनच्या पुस्तकांतील चौकटी लेखांसोबत छापते. मूलँसारने त्यासाठी परवानाशुल्काची मागणी करून दावा लावला. प्रकरण हेगच्या अपील न्यायालयात पोहोचले, तेव्हा मंडळाच्या बाजूने १९४२ सालचा एक कागद पुढे आला. त्या कागदानुसार एर्जे यांनी टिनटिनच्या पुस्तकांच्या प्रकाशनाचे हक्क टुर्नेच्या कास्टरमन या प्रकाशनसंस्थेला दिले होते. मे २०१५ मध्ये न्यायालयाने म्हटले की, असे असेल तर पुस्तकांतील मजकूर व चित्रे कोणी वापरावीत हे ठरवण्याचा अधिकार मूलँसारकडे नाही. म्हणजे जो हक्क आपला आहे असे गृहीत धरून वर्षानुवर्षे पत्रे पाठवली गेली, तो निदान त्या वादापुरता आपला नसल्याचे निर्मात्याच्याच सहीच्या, त्र्याहत्तर वर्षे जुन्या कागदाने दाखवून दिले. हा निकाल प्रथम वाचला तेव्हा मला आमच्याकडे येणाऱ्या अनेक घरांची आठवण झाली. वडिलांनी किंवा आजोबांनी तरुणपणी, पैशांची निकड असताना, कशावर सही केली होती हे घरात कोणालाच माहीत नसते, आणि ‘हे सगळे आमचेच’ या ठाम समजुतीवर पुढचे व्यवहार चाललेले असतात.

त्याआधी, २००९ साली, फ्रान्समध्ये रहस्यकथालेखक बॉब गार्सिया यांच्याविरुद्ध व्हर्सायच्या अपील न्यायालयाने निकाल दिला होता. टिनटिनवर लिहिलेल्या छोट्या अभ्यासपुस्तिकांमध्ये त्यांनी मूळ चित्रे वापरली होती, आणि त्यासाठी त्यांना मोठी भरपाई द्यावी लागली. कायद्याच्या दृष्टीने त्या देशात तो निकाल अनाकलनीय नव्हता, कारण चित्राची पूर्ण चौकट उद्धृत करणे हे मजकुरातील दोन ओळी उद्धृत करण्यासारखे तिथे मानले जात नसे. परंतु ज्या माणसाने वर्षे घालून एखाद्या चित्रकथेचे बारकावे शोधले, त्याच्याकडे प्रतिस्पर्धी व्यापारी म्हणून पाहणे मला पटत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात समीक्षा किंवा परीक्षणासाठी केलेल्या न्याय्य वापराची मुभा कलम ५२ मध्ये आहे आणि तिच्यातून चित्रे वगळलेली नाहीत. म्हणून आपल्या वडिलांच्या व्यंगचित्रांवर एखाद्या विद्यार्थिनीने प्रबंध लिहिला आणि विवेचनापुरती काही चित्रे त्यात घातली, तर तिला आपली परवानगी लागणारच असे नाही. तिने विचारलेच, तर पैसे न मागता द्यावी आणि शक्य असल्यास चांगल्या दर्जाची प्रतही द्यावी. चित्रकार विस्मरणात जाण्यापासून जे वाचवतात त्यांच्यात असे लोक पहिले असतात.

एर्जे यांच्या वारसांच्या बाजूनेही सांगितलेच पाहिजे की, त्यांनी मूळ चित्रे सांभाळली, अभ्यासपूर्ण आवृत्त्यांना साहाय्य केले आणि जून २००९ मध्ये लुव्हँ-ला-नव्ह येथे ख्रिस्तियाँ द पोर्त्झांपार्क यांनी रचलेल्या इमारतीत एर्जे संग्रहालय उभे केले. ज्या घरात मूल नाही आणि ज्या देशात चित्रकथेला नववी कला म्हणतात, तिथे हे काम कोणीतरी करणे आवश्यक होते. चित्रपट-दिग्दर्शक स्पीलबर्ग यांच्याशी चित्रपटाची बोलणी एर्जे हयात असतानाच सुरू झाली होती आणि चित्रपट २०११ मध्ये आला. मधली अठ्ठावीस वर्षे तो व्यवहार जिवंत ठेवणे हेही सोपे काम नव्हे. म्हणून संपूर्ण कारभाराला एकच शिक्का मारू नये. माझी तक्रार एवढीच आहे की, ज्याला खरोखर अटकाव करायला हवा तो नकली मालाचा कारखानदार आणि जो प्रेमापोटी चार चौकटी छापतो तो वाचक यांना एकाच मापाने मोजले गेले.

आता चित्राचा कागद आणि चित्राचा हक्क यांतला फरक. बहुतेक घरांचा घोटाळा इथेच होतो. १९३६ साली ‘निळे कमळ’ या पुस्तकासाठी एर्जे यांनी केलेले एक मुखपृष्ठ छपाईला फार महाग पडेल म्हणून नाकारले गेले. ते त्यांनी प्रकाशक लुई कास्टरमन यांच्या लहान मुलाला दिले आणि त्याने घडी घालून ठेवून दिले, अशी त्याची कथा सांगितली जाते. रॉडवेल यांनी त्या कथेवर शंका घेतली होती. जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या लिलावात ते चित्र शुल्कासह जवळपास ३२ लाख युरोंना विकले गेले. घेणाऱ्याला मिळाला तो रंगवलेला कागद. त्याने उद्या त्या चित्राची पोस्टकार्डे छापली, तर ते उल्लंघन ठरेल. उलट बाजूने पाहिले तर, ज्याच्याकडे हक्क आहे त्याच्याकडे मूळ कागद असेलच असे नाही, आणि तो कागद परत मिळवण्याचा अधिकार कॉपीराइटमधून निघत नाही. आपल्या कायद्यात याला एक अपवाद आहे. मृत्युपत्राने एखाद्याला अप्रकाशित हस्तलिखित किंवा अप्रकाशित चित्र दिले आणि वेगळे काही लिहिले नाही, तर कलम २० प्रमाणे त्याचा कॉपीराइटही त्यालाच जातो. म्हणून ‘पेटी धाकट्याला द्यावी’ असे एक वाक्य मृत्युपत्रात असेल, तर पेटीतील न छापलेल्या चित्रांपुरते त्या वाक्याचे परिणाम दूरवर जातात. आपल्या वडिलांचे मृत्युपत्र नाही असे आपण लिहिले आहे, त्यामुळे आपल्यापुरता हा प्रश्न उद्भवत नाही, पण कोणी मृत्युपत्र करत असेल तर हे माहीत असू द्या.

रोमनांना दाद न देणाऱ्या एका गॉल गावातील वीर ॲस्टेरिक्स याच्या फ्रेंच चित्रकथेची गोष्ट याच्या शेजारची, पण उलट दिशेने गेलेली आहे. ऑक्टोबर १९५९ मध्ये लेखक रने गोसिनी आणि चित्रकार अल्बेर उदेर्झो यांनी तो सुरू केला. नोव्हेंबर १९७७ मध्ये हृदयाची तपासणी चालू असतानाच गोसिनी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी वारले, तेव्हा त्यांची मुलगी आन नऊ वर्षांची होती. उदेर्झो यांनी एकट्याने लिहून-काढून मालिका चालू ठेवली आणि १९७९ मध्ये स्वतःची प्रकाशनसंस्था स्थापन केली. आपल्यानंतर ॲस्टेरिक्स थांबेल असे ते अनेक वर्षे म्हणत, आणि मग त्यांनी मत बदलले. डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी आपला चाळीस टक्के आणि आन यांनी आपला वीस टक्के हिस्सा आशेत या बड्या प्रकाशनगटाला दिला. उरलेला चाळीस टक्के हिस्सा उदेर्झो यांची मुलगी सिल्वी यांच्याकडे होता. त्यांनी जानेवारी २००९ मध्ये ‘ल माँद’ या फ्रेंच वृत्तपत्रात जाहीर लेख लिहून हे म्हणजे त्या गॉल गावाचे दरवाजे रोमन साम्राज्याला उघडून देणे आहे, असा आरोप केला. पुढे बाप आणि लेक यांच्यात न्यायालयीन तक्रारी झाल्या. २०११ मध्ये सिल्वी यांनीही आपला हिस्सा विकला आणि २०१४ मध्ये दोघांत समेट झाला. मधल्या काळात, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ज्याँ-इव्ह फेरी आणि दिदिए कॉनराड यांनी केलेले पहिले नवे पुस्तक आले. मालिका आजही चालू आहे आणि वाचकांनी ती स्वीकारली आहे.

या दोन उदाहरणांवरून पात्र चालू ठेवणे चूक की थांबवणे चूक, असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. ॲस्टेरिक्स हा मुळातच दोघांचा होता. एक गेल्यावर दुसऱ्याने तो पुढे नेला, म्हणजे हात बदलण्याची सवय त्या मालिकेला आधीच लागलेली होती. टिनटिनच्या बाबतीत तसे नव्हते. अमेरिकेतील चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या वृत्तपत्री चित्रपट्टीचे उदाहरण तिसऱ्या प्रकारचे आहे. तिचा कॉपीराइट त्यांच्या हयातीत वितरण करणाऱ्या सिंडिकेटकडे होता. ते १२ फेब्रुवारी २००० रोजी वारले, त्यांची शेवटची रविवारची पट्टी दुसऱ्याच दिवशी छापून आली आणि त्यानंतर नवी पट्टी कोणी काढली नाही. जुन्याच पट्ट्या पुन्हा छापल्या जातात. कुटुंबाला २०१० मध्ये त्या मालमत्तेत वीस टक्के वाटा घेता आला. वीस टक्के म्हणजे बहुमत नव्हे, तरीही निर्मात्याच्या घराण्याचा शब्द तिथे वजनदार राहिला आहे. मला खटकते ते एवढेच की, ॲस्टेरिक्सच्या घरात हिस्सा कोणाकडे किती आणि निर्णय कोणाच्या संमतीने होणार याची बोलणी कुटुंबात आधी झाली असती आणि वाद वर्तमानपत्रात गेला नसता, तर बापलेकींची सहा वर्षे वाचली असती.

मुदतीविषयी आपण विचारले नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. युरोपात निर्मात्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे, म्हणजे टिनटिनसाठी २०५३ च्या अखेरपर्यंत हक्क राहतो. भारतात मृत्यूनंतर साठ वर्षे मोजली जातात, म्हणून इथे तो २०४३ च्या अखेरीस संपेल. अमेरिकेत जुन्या प्रकाशनांना प्रकाशनापासून पंच्याण्णव वर्षे मिळतात, त्यामुळे १९२९ साली छापलेली टिनटिनची पहिली पाने तिथे १ जानेवारी २०२५ पासून मुक्त झाली आहेत. मात्र फक्त तीच पाने, आणि त्याच रूपातील टिनटिन. पुढे जमा झालेली पात्रे, रंगीत आवृत्त्या आणि सुधारलेली चित्रे नव्हेत. हक्क संपण्याच्या थोडे आधी, २०५२ मध्ये, नवे पुस्तक काढण्याचा विचार रॉडवेल यांनी एकदा बोलून दाखवला होता. त्या पुस्तकाला स्वतःची नवी मुदत मिळेल, पण १९८३ पर्यंतच्या पुस्तकांची मुदत त्याने एका दिवसानेही वाढणार नाही. नावाचा व चित्राचा ट्रेडमार्क ही वेगळी गोष्ट आहे. तो नूतनीकरण करत गेल्यास चालू राहतो, मात्र तो मालाची ओळख सांगण्यापुरता असतो आणि मुक्त झालेली कथा छापण्यापासून कोणाला कायमचे रोखू शकत नाही.

आपल्याकडे हाच हिशोब लावायचा तर चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या चित्रांची मुदत २०३१ अखेरपर्यंत. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा २०११ मध्ये गेले, म्हणून २०७१ अखेरपर्यंत. दोघांनी मिळून केलेल्या कामात युरोपीय पद्धतीप्रमाणे शेवटी जाणाऱ्यापासून मुदत मोजतात. उदेर्झो मार्च २०२० मध्ये गेले, तेव्हा ॲस्टेरिक्सची मुदत तिथे २०९० च्या अखेरीपर्यंत जाते. भारतात ‘संयुक्त कृती’ म्हणण्यासाठी दोघांचे योगदान वेगळे काढता येऊ नये अशी अट आहे, त्यामुळे मजकूर एकाचा आणि चित्रे दुसऱ्याची असतील तर दोहोंची मुदत वेगळी मोजावी, असा युक्तिवाद इथे करता येतो. आपल्या वडिलांनी दुसऱ्या कोणाच्या कथेवर चित्रमालिका काढली असेल, तर त्या लेखकाच्या वारसांनाही शोधावे लागेल.

आता पेटीकडे येतो. चित्रांचे तीन गठ्ठे वेगळे करा, कारण कायदा त्यांच्याकडे तीन प्रकारे पाहतो.

वृत्तपत्रात वडील पगारी नोकर असतील आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे नियतकालिकात छापण्यापुरता पहिला हक्क मालकाचा असतो आणि बाकी सर्व बाबतींत, म्हणजे पुस्तक, प्रदर्शन, कॅलेंडर, कपावरचे चित्र, तो चित्रकाराचा राहतो. कित्येक व्यंगचित्रकारांच्या घरी उलट समजूत आढळते: वृत्तपत्रात छापले म्हणजे सगळे वृत्तपत्राचे. वृत्तपत्रांच्या कार्यालयांतही हीच समजूत असते, आणि पुस्तकाच्या वेळी परवानगीचे पत्र आणा असे प्रकाशक सांगतो तेव्हा ती आणखी घट्ट होते. नेमणुकीचे पत्र शोधा. ते सापडले आणि त्यात वेगळे लिहिले नसेल, तर पुस्तकासाठी आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

दिवाळी अंकांसाठी बाहेरून दिलेली व्यंगचित्रे हा दुसरा गठ्ठा. त्यांचा हक्क साधारणपणे चित्रकाराकडेच राहतो, कारण हक्क हस्तांतरित करायचा तर लेखी, सही केलेला आणि कोणती कृती, कोणते हक्क हे सांगणारा करार लागतो. मानधनाच्या व्हाउचरच्या मागे बारीक अक्षरांत ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ असे छापलेले मी अनेकदा पाहिले आहे. एका घरी मला असे व्हाउचर आणून दाखवले गेले, त्यावर चित्रकाराची सही केवळ पैसे मिळाल्याची पोच म्हणून होती, आणि त्या व्हाउचरच्या आधारे एका मासिकाने त्या घराला पुस्तक काढण्यापासून चार वर्षे अडवून ठेवले होते. अशा कागदाला घाबरू नका. कराराची मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल, तर भारतापुरता धरतो. मात्र हे दोन नियम १९९४ च्या दुरुस्तीने आले आणि त्याआधीच्या करारांना ते लागू नाहीत, म्हणून त्याहून जुन्या व्हाउचरांबाबत तो कागद मुळात हक्क देणारा करार आहे की केवळ पैशांची पोच, हेच पाहावे लागते.

तिसरा गठ्ठा मुखपृष्ठांचा आहे, आणि तिथे मी सावध राहायला सांगेन. कोणी मोबदला देऊन खास सांगून रंगचित्र करून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक सांगणारा ठरू शकतो. छायाचित्रे, रंगचित्रे व व्यक्तिचित्रे यांच्यासाठी हा वेगळा नियम आहे. वडिलांनी पेनाने काढलेले व्यंगचित्र आणि जलरंगात केलेले मुखपृष्ठ यांत म्हणून फरक पडू शकतो. या गठ्ठ्यातील चित्रे पुस्तकात घ्यायची असतील, तर त्या अंकांच्या आजच्या मालकांकडून साध्या दोन ओळींचे संमतिपत्र आधी घ्यावे. माझ्या अनुभवात बहुतेक जण ते आनंदाने देतात.

वारस म्हणून मृत्युपत्राच्या अभावी आई, आपण आणि बहीण यांचा समान, एक तृतीयांश हिस्सा आहे. आजी हयात असत्या तर त्यांचाही आला असता. बहिणीचे लग्न झाले आहे म्हणून तिची सही लागत नाही असे प्रकाशकाने आपल्याला सांगितल्याचे आपण लिहिले आहे. ते साफ चुकीचे आहे. सहमालकांपैकी एकाने दुसऱ्यांच्या संमतीविना दिलेला परवाना सामान्यतः टिकत नाही, आणि टिकला तरी घर टिकत नाही. तिघांनी मिळून एक साधा लेखी समझोता करावा. रोजचा पत्रव्यवहार कोण पाहणार, कोणत्या गोष्टीला एकाची सही चालेल आणि कोणत्या गोष्टीला तिघांची लागेल, मानधन कोणत्या खात्यात येईल, आणि तिघांपैकी कोणी गेल्यास त्याचा हिस्सा कोणाकडे जाईल, एवढे त्यात यावे. दोन पिढ्यांनी हिस्सेदार बारा होतात आणि त्यांतले पाच परदेशी असतात. मग कोणाला हवे असूनही पुस्तक पुन्हा निघत नाही. चित्रे मोलाची आणि संख्येने बरीच असतील, तर सार्वजनिक न्यासाचाही विचार करा.

वडिलांच्या पात्राची नवी चित्रे दुसऱ्याकडून काढून घेण्याविषयी आपले मन साशंक आहे, असे आपण लिहिले. तो निर्णय घाईने घेऊ नका आणि प्रकाशकाच्या करारात त्याला चुकूनही जागा देऊ नका. ‘रूपांतर, पुढील भाग, दृक्‌श्राव्य व डिजिटल वापर’ असे शब्द छापील मसुद्यात एका ओळीत येऊन जातात. ती ओळ काढून फक्त छापील पुस्तक, मराठी भाषा, ठरावीक वर्षे आणि ठरावीक आवृत्ती एवढेच द्यावे. चित्रे कापून, संवाद बदलून किंवा जाहिरातीसाठी विकृत करून वापरली, तर कलम ५७ खाली निर्मात्याचे नैतिक हक्क वारस म्हणून आपण बजावू शकता, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याला कॉपीराइटच्या मुदतीची मर्यादाही राहिलेली नाही. हा हक्क हस्तांतरण करून गमावला जात नाही, म्हणून तो आपल्याजवळ राहतोच. परंतु त्याचा उपयोग एर्जे यांच्या एका चौकटीसाठी वाचकांवर झाला तसा करू नका. वडिलांचे एखादे चित्र आज कोणाला खटकेल असे असेल, तर ते गाळण्याऐवजी प्रस्तावनेत त्याचा काळ सांगा. ‘टिनटिन काँगोत’ या पुस्तकाविरुद्ध, त्यातील आफ्रिकी लोकांच्या वंशवादी चित्रणावरून, ब्रुसेल्समध्ये दावा झाला आणि २०१२ मध्ये तो फेटाळला गेला. नंतर प्रकाशकाने प्रस्तावना जोडून ते पुन्हा छापले, आणि तोच मार्ग मला योग्य वाटतो.

मूळ चित्र विकायची वेळ आली तर कलम ५३अ ची आठवण ठेवा: दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला मूळ चित्र पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो. मी आजवर कोणाला तो मागताना पाहिलेले नाही, पण विक्रीची पावती आणि चित्राचे छायाचित्र जवळ असेल, तरच तो कधीतरी मागता येईल.

प्रकाशकाला लगेच उत्तर देण्याची गरज नाही. एक महिना मागून घ्या. त्या महिन्यात पेटीतले प्रत्येक चित्र दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. चित्रांची मागची बाजू कोणी पाहत नाही, पण अंकाचे नाव, वर्ष, छपाईच्या ब्लॉकच्या मापासाठी निळ्या पेन्सिलीने केलेली खूण, संपादकाची सही आणि क्वचित ‘मानधन पोचले’ असा शेरा, हे सगळे तिथेच असते. पुढे कोणी हक्कावर बोट ठेवले, तर आपल्या वडिलांच्या बाजूने बोलणारा पहिला कागद तोच असेल. वडिलांच्या नेमणुकीचे पत्र, जुनी व्हाउचरे आणि संपादकांची पत्रे त्याच क्रमाने लावून ठेवा, आणि त्यांतला एकही कागद अजून कोणाला मूळ स्वरूपात देऊ नका.